बॉनेटखालचं बिऱ्हाड: एका पार्किंगचं प्रकरण

दिवाळीत आम्ही दहा दिवस रत्नागिरीकडे होतो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून रेल्वेने गेलो होतो. 9 नोव्हेंबर 2024, शनिवार. मंडईत जायचं म्हणून किल्ली फिरवली तर गाडी सुरू झाली, पण हुडहुडी भरल्यासारखी थरथरायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. ॲक्सिलरेटर दाबला की उचल घ्यायच्या ऐवजी धापा टाकत होती.

नाक्यावरचा मेकॅनिक आला. त्याने स्कॅनर जोडला. कोड आला पी-0203, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सर्किट तुटलेलं. मग त्याने बॉनेट उचललं आणि बाजूला झाला. "ताई, तुम्हीच बघा. इथं संसार मांडलाय."

खरंच मांडला होता. बॅटरीच्या शेजारच्या खोबणीत करड्या लोकरीसारखा एक गोळा होता. बॉनेटला आतून लावलेली इन्सुलेशनची चादर कुरतडून, पिंजून, मऊ करून अंथरलेली. त्यात अर्धा टोस्ट, चपातीचा वाळका तुकडा, ज्वारीचे दाणे, गुटख्याच्या पुडीचा चकचकीत कागद आणि आमच्याच दारात लावलेल्या आकाशकंदिलाची गुलाबी झिरमिळी. इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरीचं आवरण दोन इंच सोललेलं, आतलं तांबं नव्या भांड्यासारखं चमकत होतं. शेजारच्या काळ्या वायरीवर दोन-दोन समांतर चरे, बारीक पटाशीने ओढावेत तसे.

मी या सोसायटीची खजिनदार. पोटापाण्याला हिशेबनिसाचंच काम करते, त्यामुळे पावत्या जपून ठेवायची खोड आहे. या उंदरांपायी पुढचे दहा महिने जे झालं ते शेजारच्या दोन सोसायट्यांनी विचारलं, म्हणून एकत्र लिहून काढते आहे.

जागा अशी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, मुठा उजव्या कालव्यापासून हाकेच्या अंतरावर आमच्या दोन इमारती आहेत. खाली खांबांवरचं मोकळं पार्किंग, वर चार मजले. गाड्या 31. मागे छोटी बाग, बागेत ओल्या कचऱ्याचा खड्डा, आणि दोन्ही इमारतींच्या पोटातून जाणारी डक्ट, जिच्यात सगळ्यांच्या बाथरूमचे पाइप उतरतात.

27 सप्टेंबर 2018 ला हाच कालवा पुढे दांडेकर पुलाजवळ फुटला आणि जनता वसाहतीच्या बाजूची घरं पाण्यात गेली. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी त्याचं खापर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर फोडलं होतं. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. कालव्याचं काय ते तज्ज्ञ जाणोत, पण कालव्याकाठच्या मऊ मातीत घुशी भरपूर आहेत एवढं मी आता शपथेवर सांगेन.

पहिला महिना, म्हणजे पैसे वाया घालवण्याचा

मेकॅनिकने तुटलेली वायर नवीन तुकडा घालून, झाळून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून दिली. एअर फिल्टरही बदलला, कारण त्याच्या डब्यात लेंड्या होत्या. ₹2,900. सोळा दिवसांनी पुन्हा. या वेळी पुढच्या चाकाच्या एबीएस सेन्सरची वायर आणि काचेवर पाणी मारणारी नळी. ₹4,600.

इथे विम्याचा विषय निघाला. "क्लेम कर की" असं प्रत्येकाने सांगितलं. पॉलिसी काढून वाचली. आपल्याकडच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत उंदीर हा शब्द कुठे नसतो. नुकसान बसवायचं ते 'बाह्य अपघाती कारण' या कलमात. पण त्याच कागदावर 'यांत्रिक वा विद्युत बिघाड' वगळलेला असतो, आणि विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरने मनात आणलं तर वायर तुटणं तो त्यात ढकलू शकतो. त्यात 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले ₹1,000 आपल्याच खिशातून, आणि रबर-प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा. माझ्या ₹4,600 मधले फार तर अडीच-तीन हजार हाती आले असते.

त्याच्या बदल्यात काय जाणार ते बघा. मला 45 टक्के नो क्लेम बोनस होता, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पुढच्या वर्षी 50 झाला असता. क्लेम केला की तो शून्यावर, मग 20, 25, 35, 45 असा पुन्हा पहिल्या पायरीपासून. पाच वर्षांत गमावलेले टक्के 50, 30, 25, 15 आणि 5, बेरीज 125. माझा गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ₹8,000 च्या आसपास. तो तेवढाच राहिला असं धरलं तरी ₹10,000 गेले. तीन हजारांसाठी दहा हजार. क्लेम केला नाही.

बी विंगमधल्या एका कुटुंबाचं गणित मात्र उलटं होतं. त्यांच्या गाडीचा वायरिंगचा अख्खा जुडगाच बदलावा लागला, बिल ₹38,500. त्यांनी क्लेम केला तो योग्यच. त्यांचं एक शहाणपण सांगण्यासारखं आहे: गॅरेजने काही उघडण्याआधी त्यांनी विमा कंपनीला कळवलं, दातांच्या खुणांचे जवळून फोटो काढले आणि कापून काढलेल्या वायरी पिशवीत भरून ठेवल्या. सर्व्हेअरने 'विद्युत बिघाड' म्हणताच पिशवी टेबलावर ओतली.

उपायांची रांग लागली होती. तंबाखूची पानं कापडात बांधून इंजिनात टांगली. डांबरगोळ्या ठेवल्या, त्यांचा वास गाडीच्या आत एवढा भरला की माझंच डोकं चढलं. उग्र वासाचा फवारा आणला, तो पहिल्या लांबच्या फेरीत इंजिनाच्या उष्णतेने उडून गेला. मग कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचं यंत्र, ₹1,150. या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने 2001 सालीच साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती की दावे करायचे तर पुरावे ठेवा. तो आवाज कुठल्याही आडोशाने अडतो, आणि इंजिन म्हणजे नुसते आडोसेच. शिवाय उंदीर चार दिवसांत सरावतो. आमच्या यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता आणि त्याच्याच वायरीवर एक दिवस दात उमटले.

तिसऱ्या वेळी एसी लावला तर डॅशबोर्डमधून खरखर आणि पाठोपाठ कापसाचे पुंजके. ब्लोअरच्या पंख्यात घरटं. काचेच्या खाली, वायपरजवळ जी जाळी असते, तिथून बाहेरची हवा आत येते. तोच रस्ता त्यांनी धरला होता. तेव्हा मी ठरवलं की आता गाडीवर एक रुपयाही खर्च करायचा नाही. आधी बघायचं की हा येतो कुठून.

रांगोळी

आधी कागद. सभेच्या नोटिशीच्या पाठीमागे पार्किंगचा नकाशा काढला आणि एका रविवारी सगळ्यांना बॉनेट उघडायला लावलं. 31 पैकी 12 गाड्यांत लेंड्या, पिंजलेली चादर किंवा दातांच्या खुणा. त्यातल्या पाच जणांनी मागच्या वर्षात दुरुस्तीवर पैसे घातले होते, माझे तीन खर्च आणि तो ₹38,500 धरून एकूण ₹71,300. कुणी कुणाला बोललं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं आपल्याच गाडीला नजर लागली.

"उभ्या गाड्यांत उंदीर होतात" हे ठाम मत होतं. नकाशावर ते पुरतं टिकेना. बारापैकी आठ क्वचित चालणाऱ्या, हे खरं. पण सगळ्यात जास्त पोखरलेली एक गाडी एका नर्सताईंची, रोज चालणारी. त्या दुसऱ्या पाळीहून रात्री साडेअकराला येतात. डिसेंबरात पुण्याची रात्र बारा-तेरा अंशांवर उतरते, आणि नेमक्या उंदरांच्या फिरायच्या वेळेला पार्किंगमधलं एकमेव तापलेलं इंजिन त्यांचं. थोडक्यात, गाडी उभी किती वेळ असते याच्याइतकंच ती कुठे आणि कधी उभी राहते हेही बघायला हवं. बाराच्या बारा गाड्या डक्टच्या दाराजवळच्या दोन रांगांत होत्या.

मग जमिनीवर पावलं घ्यायची ठरवलं. पीठ भुरभुरवा असं कुणी सुचवलं. म्हटलं, पीठ टाकलं तर ते पंगत समजून बसतील. घरात शिरगोळ्याची रांगोळी होती. चाळणीने चौदा ठिकाणी फूटभर चौकोन पाडले: डक्टच्या दाराशी, खांबांच्या पायथ्याशी, चार टायरांपाशी, कचऱ्याच्या खड्ड्याजवळ, गेटशी. रात्री अकराला टाकली, पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन उतरले.

टॉर्च आडवा धरला की पांढऱ्यावर सावल्या उठतात. पुढच्या पंज्याची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधून शेपटीची एक बारीक सलग रेघ. डक्टच्या दारापुढचा चौकोन तर बाजाराच्या दिवशीच्या रस्त्यासारखा तुडवलेला. तिथून खांबाच्या कडेकडेने, भिंतीला अंग घासत, नर्सताईंच्या गाडीच्या डाव्या टायरपर्यंत पावलं जात होती आणि टायरपाशी संपत होती. टायरवर रांगोळीचे चार ठसे वर चढलेले.

बागेतल्या चौकोनांत वेगळंच पाऊल होतं, जवळजवळ दुप्पट. ते कचऱ्याच्या खड्ड्यापासून कबुतरांना दाणे टाकायच्या कट्ट्यापर्यंत येत होतं आणि परत जात होतं. पार्किंगच्या फरशीवर ते एकदाही नव्हतं.

म्हणजे आमच्याकडे दोन बिऱ्हाडं होती. बागेतली घूस: जाडजूड, शेपूट धडापेक्षा आखूड, बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, आणि बिळात धान्याचं कोठार. तिला चढायची हौस नाही. आणि डक्टमधला काळा उंदीर: सडपातळ, शेपूट धडापेक्षा लांब, पाइप-वायरी-वेलींवरून सर्कस करणारा. लेंडी साधारण 12 मिलीमीटर, दोन्ही टोकांना निमुळती. घरातल्या बारक्या उंदराची लेंडी याच्या निम्म्याहून लहान असते. गाड्या खाणारा हा दुसरा. आणि आम्ही दोन वर्षं बागेतल्या बिळांत काचा आणि सिमेंट भरत बसलो होतो.

पहाटे मी हे सगळं वाकून बघत होते तेव्हा वॉचमनमामा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, ते खालून नाही येत. वरून येतात, पायपावरनं. दोनच्या सुमाराला."

"मामा, मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?"

ते नऊ वर्षं रात्रपाळीला आहेत.

वायरी सोयाबीनच्या असतात म्हणे

व्हॉट्सॲपवर हे हमखास येतं: हल्ली कंपन्या वायरींचं आवरण सोयाबीनपासून करतात, म्हणून उंदरांना ती रुचकर लागतात. अमेरिकेत यावरून वाहन कंपन्यांवर दावेही झाले. आमच्या डक्टमधल्या खुणा मात्र या म्हणण्याला धरून नव्हत्या. तिथे टेलिफोनची पंचवीस वर्षं जुनी केबल, पीव्हीसीच्या पाइपाची कड, लाकडी दाराचा कोपरा, सगळ्यावर सारखेच चरे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटरच्या वर. झिजवले नाहीत तर तोंड मिटता यायचं नाही. त्याला वायर खायची नसते, कातरायची असते, आणि ती त्याच्या घरट्याच्या वाटेत असते. अशा ठिकाणी आवरण कशाचं आहे याने फारसा फरक पडत नाही.

होंडाची एक चिकटपट्टी मिळते, तिच्यात मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन मुरवलेलं असतं. दुरुस्त केलेल्या वायरींवर मी ती गुंडाळली. ती उपयोगाची आहे, पण पट्टी गुंडाळलेली वायर सोडून तो शेजारची धरतो. संपूर्ण इंजिन काही गुंडाळता येत नाही.

आधी जेवण बंद

तीन ठिकाणी जेवण मिळत होतं. रात्री दहाला खाली आणून ठेवलेले ओल्या कचऱ्याचे डबे, जे सकाळी नऊला उचलले जायचे. मांजरांसाठी ठेवलेली ताटली. आणि कबुतरांचा कट्टा.

पहिलं सोपं होतं. डबे सकाळी सातनंतरच खाली, आणि खाली ठेवायला झाकण घट्ट बसणारे तीन मोठे डबे. मांजरांच्या काकू समंजस. संध्याकाळी सहाला खाणं, अर्ध्या तासात ताटली उचललेली. (मांजर असताना उंदीर कसे, असं सगळे विचारतात. पोट भरलेलं मांजर आणि पाइपावरचा उंदीर यांच्यात काही वैर नसतं.)

कबुतरांवरून मात्र सभेत दोन तास गेले. पहिल्या मजल्यावरचे काका रोज सकाळी दोन किलो ज्वारी टाकतात, त्यांच्या आईपासूनची पद्धत. मी त्यांना फोटो दाखवले तर म्हणाले, "उंदीर हेही गणपतीचं वाहन. तुम्ही माझ्या पुण्याला हात लावू नका." वाद घालून उपयोग नव्हता. मी त्यांना एकदा संध्याकाळी सातला कट्ट्यावर बोलावलं आणि झाडूने उरलेले दाणे गोळा करून घरच्या काट्यावर मोजले. सातशे ग्रॅम. "काका, हे कबुतरांनी खाल्लेलं नाही. हे रात्रपाळीचं आहे." ते काही बोलले नाहीत. आठवड्याने दाणे दोन किलोंवरून एका वाटीवर आले, आणि ती वाटी संपेपर्यंत ते तिथेच खुर्ची टाकून बसायला लागले. पूर्ण बंद त्यांनी केलं नाही. मीही ताणलं नाही. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दादरच्या कबूतरखान्यावरून जे रामायण झालं ते टीव्हीवर बघताना काका मला म्हणाले, "आपण बरं घरातल्या घरात मिटवलं."

मग चूक

जेवण तोडल्यावर उत्साहाच्या भरात आम्ही डक्टचं दार बंद केलं. गवंडी बोलावला, खालच्या फटीला पत्रा, पाइपांभोवतीच्या भोकांना जाळी आणि सिमेंट. एका दिवसात काम फत्ते. तिसऱ्या रात्री दुसऱ्या मजल्यावरून किंकाळी आली. एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून उंदीर बाथरूममध्ये. चौथ्या रात्री आणखी दोन घरांत. खालचा रस्ता बंद झाल्यावर आत अडकलेले वर निघाले होते. बाहेर काढल्याशिवाय कोंडायचं नसतं, हे कुठल्याही गावाकडच्या माणसाने सांगितलं असतं.

दार पुन्हा उघडलं. बारा पिंजरे आणले. तेव्हा कळलं की उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काल नव्हती ती गोष्ट आज वाटेत दिसली की तो चार दिवस वळसा घालतो. म्हणून पिंजरे भिंतीच्या कडेला, त्यांच्या वाटेवर, खटका न लावता नुसते ठेवले, दार तारेने उघडं बांधून. आत खाऊ. भजी ठेवली, सुकट ठेवावी असा एक प्रस्ताव आला आणि शाकाहारी मजल्यांनी तो हाणून पाडला. सगळ्यात चाललं ते गॅसवर भाजलेलं खोबरं आणि दाण्याचा कूट गुळात मळून केलेली गोळी. पाचव्या रात्री खटके लावले. अकरा रात्रींत एकोणीस.

पकडलेल्यांचं काय केलं, हे विचारतातच. कालव्यापलीकडे सोडणं म्हणजे दुसऱ्या सोसायटीला भेट पाठवणं. पाण्यात बुडवणं मला बघवेना. कीड नियंत्रणाच्या माणसाकडे ते काम दिलं आणि पुढच्या खेपेला जागच्या जागी मारणारे चापाचे सापळे वापरायचं ठरवलं, भिंतीला काटकोनात, लाकडी खोक्याच्या आत, म्हणजे मांजराचा पंजा जाणार नाही. गोंदाचे पुठ्ठे मात्र नको म्हणून मी अडून बसले. त्यावर चिकटलेला जीव दोन दिवस तडफडतो, आणि आमच्याकडे पहिल्याच पुठ्ठ्यावर सापडली ती चिचुंद्री. ती उंदीर नाहीच. झुरळं आणि किडे खाणारी बिचारी.

विषाबद्दलही भांडण झालं. कीड नियंत्रणवाला ब्रोमाडायोलोनचे निळे केक ठेवायला तयार होता. ते रक्त गोठू देत नाही. खाल्लेला उंदीर चार-सात दिवसांनी मरतो, तोवर फिरत असतो आणि मरतो कुठेतरी आत. हे पुस्तकातलं ज्ञान नव्हे. बी विंगमधल्या एकाने आधीच गुपचूप केक ठेवले होते आणि एक उंदीर त्यांच्याच गाडीच्या एसीच्या नळीत मेला. बारा दिवस वास, डॅशबोर्ड उतरवायचे ₹6,500.

दुसरं कारण टाकीवर होतं. गच्चीच्या टाकीच्या आडोशाला गव्हाणी घुबडाची जोडी आहे, पांढऱ्या बदामासारख्या चेहऱ्याची. त्यांच्या खाली राखाडी केसांचे, अंगठ्याएवढे गोळे पडतात. न पचलेलं ते ओकून टाकतात. मी एक गोळा पाण्यात सोडवला तर आत दोन कवट्या निघाल्या, पिवळ्या दातांसकट. आमच्यापेक्षा जुना ठेकेदार वर बसलेला असताना त्याच्या ताटात विष कालवायचं मला पटेना. सभेने मान्य केलं, नऊ विरुद्ध पाच मतांनी.

बिळात टाकायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, कुणीतरी शेतीच्या दुकानातून आणून देतो म्हणाला. त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू घरात शिरून माणसं मेलेली आहेत. सर्वसामान्य माणसाला ती विकायची परवानगीच नाही.

जानेवारीच्या शेवटी डक्टमधली रांगोळी सलग सहा पहाटा कोरी राहिली. मग गवंडी. उंदराला अर्धा इंच पुरतो, बारक्या उंदराला पाव इंच, पेन्सिल जाईल तिथून तो जातो. म्हणून 6 मिलीमीटरची गंज न धरणारी जाळी, वर सिमेंट. लाकडी दाराला खालून नऊ इंच पत्रा. गटाराच्या चेंबरना लोखंडी जाळ्या. पहिल्या मजल्यावरचा एक बंद फ्लॅट, मालक न्यू जर्सीत, त्याच्या बाथरूमची खिडकी फुटकी होती. व्हिडिओ कॉल चालू ठेवून किल्लीने उघडला. माळ्यावरच्या गोधड्यांत सहा घरटी. मालकांच्या आईची गोधडी होती. पलीकडे ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

गाडीपुरतं

गाडीवर पैसे घालायचे ते यानंतर. वायपरजवळच्या जाळीखाली आणि एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला तारेची जाळी बसवली, मेकॅनिककडूनच, कारण पट्ट्याजवळ किंवा सायलेन्सरजवळ काही सैल राहिलं तर उंदीर परवडला. गाडी बंद करताना एसी 'आतली हवा' वर ठेवायची, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप मिटते. बॉनेटची कुरतडलेली चादर काढून टाकली. गाडीत बिस्किटाचा पुडा ठेवायचा नाही, हे मुलांना सांगून सांगून दमले. आणि गावी जाताना किल्ली वॉचमनमामांकडे. ते तिसऱ्या दिवशी बॉनेट उघडून बघतात.

घरटं साफ करताना झाडू किंवा ब्लोअर मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो, 2005 च्या पुरानंतर मुंबईने तो चांगलाच अनुभवला. हातमोजे, मास्क, ब्लीचचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबायचं, मग ओल्या कागदाने उचलायचं. बॅटरीची तार आधी काढायची आणि वायरींवर पाणी ओतायचं नाही, हे सांगायला नको.

हिशेब

जाळी आणि गवंडी ₹17,200. बारा पिंजरे ₹4,200. झाकणाचे डबे ₹5,450. एकूण ₹26,850, म्हणजे गाडीमागे ₹866. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी का द्यायचे यावर चर्चा झाली, ती सोडते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत एकाही गाडीत नवी खूण नाही.

2025 चा पाऊस मे महिन्यातच आला, 26 तारखेला पुण्यात. बागेतल्या बिळांत पाणी भरलं आणि घुशी जनरेटरच्या चौथऱ्याखाली आल्या. जूनमध्ये दोन गाड्यांच्या खाली माती उकरलेली सापडली. गाड्यांना काही झालं नाही. कचऱ्याच्या खड्ड्याला तळातून जाळी घालायची राहून गेली होती, ती तेव्हा घातली.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वॉचमनमामा रात्री रांगोळी टाकतात आणि सकाळी मला फोटो पाठवतात. या सप्टेंबरच्या फोटोत डक्टच्या दारापुढे एकच ओळ होती, चार बोटं, पाच बोटं, मधून रेघ. दार बंद, पत्रा शाबूत. टॉर्च घेऊन वर बघितलं तर दोन पाइपांच्या मधल्या जाळीतून पिवळी केबल खाली आलेली. गेल्याच आठवड्यात इंटरनेटवाल्याने ड्रिल मारलं होतं. भोक दीड इंच, केबल करंगळीहून बारीक.

गवंड्याला सोमवारी बोलावलंय. पिंजरे आजच लावलेत, दार तारेने उघडं बांधून.